काकू, "कुठलं पान?" एवढं विचारलंत त्यासाठी थँक्यू

प्रिय काकू,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा घेणारेस का" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आणि दुसरं म्हणजे आता आमच्या बाणेरच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांच्या हॉलमध्ये रॅक, ट्रे आणि लाइट दिसायला लागलेत, पान पिवळं पडलं की सगळे माझ्याकडे येतात आणि मी तुमचंच ज्ञान वाटत बसते, तर ते आलं कुठून हे एकदा सांगायलाच हवं.

थंडीत घरातल्या घरात टोमॅटो, मिरची, वांगी अशी रोपं केली होती. प्रोट्रेत (रोपं करायच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेत) कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर एलईडी, उगवण एक नंबर. खरी पानं फुटली आणि मग एकेक चालू झालं. टोमॅटोची शेंड्याची पानं पिवळी, मिरचीची वळलेली, खिडकीतल्या ट्रेमधल्या टोमॅटोंची पानं खालून जांभळी. मग काय, येईल तो डॉक्टर. खत घाल, पाणी कमी कर, पाणी वाढव, कडुलिंबाचं तेल मार, दृष्ट काढ (हे सासूबाई, अर्धं गमतीत). एका दुकानात तर मी "पानं पिवळी" एवढंच म्हटलं आणि त्यांनी पुढचं न ऐकताच तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या!

मैत्रिणीकडून तुमचा नंबर मिळाला, तुमचं माहेर नारायणगावकडचं, टोमॅटोचाच पट्टा, आणि तुम्ही स्वतः रोपवाटिका सांभाळलेली, म्हणून धीर करून फोटो पाठवले. तुमचा पहिला रिप्लाय मी अजून जपून ठेवलाय. "हे फोटो डिस्कोत काढलेत का? या लाइटखाली पान हिरवं का पिवळं देवालाही कळायचं नाही. उद्या खिडकीत उजेडात काढ. एक अख्ख्या रोपाचा, एक शेंड्याचा, एक पान उलटं करून. तोवर मला काही सांगता येणार नाही." खरं सांगू, या शेवटच्या वाक्यानेच मला तुमच्यावर विश्वास बसला, कारण तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाला सगळं लगेच सांगता येत होतं.

आणि मग तो प्रश्न. "आधी कुठलं पान ते सांग, खालचं जुनं का वरचं नवं?" पिवळं म्हणजे पिवळं, त्यात वरचं खालचं काय असं वाटलं होतं, पण तुम्ही फोनवर समजावलंत ते डोक्यात फिट बसलंय. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम हे झाडाला आतल्या आत हलवता येतं, म्हणजे कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून कोवळ्या पानाला देतं, घरातली मोठी माणसं आपल्या ताटातलं पोरांना वाढतात तसं, म्हणून पिवळेपणा आधी खाली दिसतो. लोह, कॅल्शियम, बोरॉन मात्र एकदा पानात बसलं की तिथून जवळजवळ हलत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की पहिला फटका शेंड्याला. खालचं पान सगळंच फिकट पिवळं असेल तर नत्राकडे बघायचं, खालच्याच पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. माझं होतं शेंड्याचं पान, शिरांची हिरवी जाळी आणि बाकी सगळं लिंबासारखं. म्हणजे लोह.

इथे दुसरा कोणी असता तर लोहाची बाटली घे म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही विचारलंत, पाणी कुठलं घालतेस? टँकरचं. किटलीत पांढरा थर बसतो का? बसतो की, खरवडून काढावा लागतो. "मग तोच थर तुझ्या ट्रेमध्येपण जातोय." टँकरमधून येणाऱ्या बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कोकोपीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) वर जातो, आणि पीएच वर गेला की लोह तिथे असूनही मुळांना घेता येत नाही, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. मी १९:१९:१९ खत आणायला निघाले होते, त्यावर तुम्ही म्हणालात, त्यात नत्र स्फुरद पालाशच आहे, लोह कुठंय? आरओचं पाणी घालू का विचारलं तर म्हणालात, नुसतं नको, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम राहत नाही आणि कोकोपीट स्वतःच ते धरून ठेवतं, एक दुखणं घालवायला दुसरं आणशील.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुमच्याकडे सिंहगड रोडला खडकवासल्याचं पाणी येतं, तर तुम्ही चक्क कॅन भरून ठेवलात आणि म्हणालात, घेऊन जा, अर्ध्या ट्रेला हे घाल, अर्ध्याला तुझं टँकरचं, बाकी काहीही बदलू नकोस. पिवळी झालेली पानं बघत बसू नको, नवीन फुटणारं पान बघ. बसमधून कॅन आणताना लोक बघत होते ते सोडा. पण खरंच, तुमच्या पाण्याच्या बाजूला शेंडे हिरवे निघायला लागले आणि टँकरच्या बाजूला पिवळेच! मग पुढे चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपात बांधलेल्या लोहाची) अगदी हलकी फवारणीपण तुम्ही सांगितलीत, वर हेही की त्याचे प्रकार असतात, फवारायला ईडीटीएवालं चालतं पण अशा जास्त पीएचच्या कुंडीत मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचएवालं बघ. दुकानात हे बोलले तर समोरच्याने मला एकदम मॅडम म्हणायला सुरुवात केली.

जांभळ्या पानांचं उत्तर तर फुकट निघालं. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, ट्रे खिडकीच्या थंडगार ग्रॅनाइटवर, मुळं गारठली की स्फुरद असूनही उचलता येत नाही. ट्रे आत घे, खाली थर्माकोल घाल, खत नको. बस. नवीन पानं साधी हिरवी आली. वांग्याचं जांभळं मात्र त्या जातीचंच आहे, त्याला हात लावू नको, हेही वेळेत सांगितलंत, नाहीतर तीही थर्माकोलवर गेली असती.

मिरचीच्या वेळी परत तेच, पान वर वळलंय का खाली? होडीसारखं वर वळलं तर बहुतेक फुलकिडे, कडा खाली मुडपल्या तर कोळी नावाची बारीक कीड. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकायला लावलात, बारीक लांबट ठिपके चक्क चालायला लागले, फुलकिडे. तो ट्रे वेगळा, निळे चिकट सापळे, आणि कडुलिंबाचं तेल मारायचं ते लाइट बंद झाल्यावर, पानाच्या खालून, तेपण आधी एकाच रोपावर बघून, कारण तेल लावलेलं पान लाइटखाली करपतं. एक रोप अगदीच खुरटून बोकड्या झालेलं होतं, ते म्हणालात उपटून टाक, माया करत बसू नको. जीवावर आलं पण टाकलं.

बाकी बारीकसारीक किती. पहिली दोन बीजदलं पिवळी पडून गळणारच, त्यांचं सुतक पाळू नको. कोकोपीट वरून सुकं दिसलं तरी आत ओलं असतं, ट्रे उचलून वजन बघ. चिलटं उडायला लागली म्हणजे पाणी जास्त होतंय. हे सगळं आता मी इकडे लोकांना ऐकवते, तुमच्याच टोनमध्ये, नवरा म्हणतो तू अगदी काकूंसारखी ओरडतेस.

तुमच्या गच्चीतल्या ड्रमसाठी टोमॅटोची रोपं बाजूला काढलीत. सध्या रोज थोडं थोडं सकाळचं ऊन दाखवतेय, एकदम उन्हात ठेवली तर पानं पांढरी पडतील हे माहितीये आता. रविवारी रिकामा कॅन आणि रोपं दोन्ही घेऊन येते. त्यातल्या एकाच्या खालच्या पानावर वेडीवाकडी पांढरी रेघ दिसली, पानाच्या आतून पोखरत जाणारी नागअळी वाटली म्हणून ते पान तोडून पिशवीत बांधून टाकलंय, बाकीची पानं उलटसुलट करून बघितली, स्वच्छ आहेत. तरी तुम्ही एकदा बघा.

तुमची,
बाणेरची टँकरवाली