‘सर्व शिक्षण घरी राहूनच’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या आमच्या मंडळात दर रविवारी मी वधू-वर नोंदणीच्या टेबलाशी बसते. परवा एका आईने मुलीच्या बायोडेटात शिक्षणाखाली आणखी एक ओळ घालायला लावली : ‘सर्व शिक्षण घरी राहूनच’. मुलगी एम.कॉम., नोकरी करणारी. शेजारी बसून मोबाइल चाळत होती. म्हटलं, हे कशाला? आई म्हणाली, “काकू, पहिला फोन हेच विचारायला येतो. आधीच लिहिलेलं बरं.”

खरंच येतो. “पुण्याला हॉस्टेलवर होती की फ्लॅटवर? बरोबर कोण होतं?” आवाज अगदी गोड. बंगळुरूला सात वर्षं एकट्याने राहिलेल्या मुलाला मात्र फक्त पॅकेज विचारतात.

कंजारभाट समाजात लग्नाच्या पहिल्या रात्री पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग पडतो का, यावरून नवरीचं कौमार्य ठरवतात, ही बातमी वाचून आपण हळहळतो. त्या समाजातल्या तरुणांनी २०१८ मध्ये उघड विरोध केला, त्यापायी मारही खाल्ला. आपल्याकडे चादर नाही, चौकशी आहे. आणि विरोध? तो कोणी करायचा?

कौमार्य तपासणीतून काहीच सिद्ध होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलं आहे. पहिल्या रात्री रक्तस्राव न होणं अगदी स्वाभाविक असू शकतं. बलात्कारपीडितेची ‘टू-फिंगर टेस्ट’ (योनीत बोटं घालून केलेली तपासणी) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. तरी आपल्याच मध्य प्रदेशात, डिंडोरी जिल्ह्यात, एप्रिल २०२३ मध्ये सरकारी कन्यादान योजनेतल्या सामूहिक विवाहाआधी काही नवऱ्या मुलींची गर्भचाचणी झाली. नवरदेवांना काय तपासलं, ते बातमीत नव्हतं.

२०२५ मधला छत्तीसगड उच्च न्यायालयाचा निकाल तर कात्रण काढून ठेवण्यासारखा आहे. बायकोने नवऱ्यावर नपुंसकत्वाचा आरोप केला होता. नवऱ्याने तिच्या कौमार्य चाचणीची मागणी केली. ती फेटाळून न्यायालयाने सांगितलं, आरोप खोटा म्हणता ना, मग हवी तर स्वतःची तपासणी करून घ्या!

परवा ती ओळ मी निमूटपणे टाइप केली, याची चुटपुट लागली आहे. मेळाव्याची पुस्तिका अजून छापायला जायची आहे. कोणाच्याच नावापुढे असली ओळ छापू नये, असं मी समितीत मांडणार आहे. विरोध होईल, आणि तो बहुधा मुलींच्या आयांकडूनच होईल.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर