तो त्याच जागी खेळणार आहे

डेन्व्हर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी बाबा फोनवर म्हणाले, "त्याला ते अमेरिकन फुटबॉल सोडायला सांग, निदान मैदानावरची जागा तरी बदलून घे." त्यामागची माया मला कळते, म्हणूनच तेव्हा काही न बोलता आता सविस्तर लिहीत आहे. तुमचा नातू येत्या शुक्रवारीही सेफ्टी म्हणूनच खेळेल, असे त्याने आणि आम्ही दोघांनी ठरवले असून प्रशिक्षकांनाही तसे कळवले आहे.

सेफ्टी हा बचावफळीतला सर्वांत मागचा गडी. समोर झेल गेला तर चालतो, पण पाठीमागे कोणालाही निसटू द्यायचे नाही. इतरांची चूक तो सावरतो. त्याची चूक मात्र थेट गुणफलकावर दिसते. परवाच्या सामन्यात समोरच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याने, नुसती हूल दिली, आपला पोरगा दोन पावले पुढे आला आणि तेवढ्यात त्याच्या मागून त्यांचा माणूस पळाला.

इथल्या लोकांना अशी चूक नवीन नाही. 12 जानेवारी 2013 रोजी इथला ब्रॉंकोज संघ बाल्टिमोरविरुद्ध 35-28 असा पुढे होता. बाल्टिमोरच्या जो फ्लॅकोने लांब चेंडू फेकला, ब्रॉंकोजचा सेफ्टी रहीम मूर याने अंदाज चुकून आधीच उडी मारली, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि बाल्टिमोरच्याच जकोबी जोन्सने 70 यार्डांचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणे) पुरा केला, तेव्हा अवघे 31 सेकंद उरले होते. बरोबरी झाली आणि पुढे जादा वेळेत सामना 38-35 असा हातचा गेला. मूरने पत्रकारांपुढे उभे राहून दोष स्वतःकडे घेतला. तो त्याचा होताच. पण दोन टाइमआउट (खेळ थांबवून घेण्याच्या संधी) हाताशी असताना ते 31 सेकंद तसेच जाऊ देण्याचा निर्णय प्रशिक्षकांचा होता, आणि जादा वेळेत ब्रॉंकोजचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचा पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडला, तोही मूरने फेकलेला नव्हता. नावे ठेवताना लोक एवढे मोजत बसत नाहीत. पुढच्या हंगामात संघाने मूरला पुन्हा त्याच जागी उभे केले, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या पोरानेही बूट न सोडताच सोबत्यांना सांगितले, "तो माणूस माझा होता." सोमवारी सर्वांसमोर चित्रफीत लावली, तेव्हा त्याने मान खाली घातली नाही. अशा वेळी मी त्याची जागा बदलून घेतली असती, तर त्याने कबूल केलेल्या चुकीची शिक्षाच दिल्यासारखे झाले असते. बाबा, तुमच्या कामाच्या शाखेत तुमच्या हातून झालेल्या त्या चुकीनंतर दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्याच टेबलाशी जाऊन बसला होतात, आणि आई, तू डब्यात शिरा दिला होतास. उरलेला शिरा मी ओट्यावर बसून चाटूनपुसून खाल्ला होता. याउपर काय लिहू?

त्याची काळजी करू नका. हेल्मेट नवे आहे, मैदानावर शाळेचा प्रशिक्षित माणूस असतो, झोप शांत लागते आणि सरावाहून आला की आईने पाठवलेले मेतकूट भातावर घालून दोनदा मागून खातो.

आता माझे ऐका. शुक्रवारचा सामना तुमच्याकडे शनिवारी सकाळी साडेसहाला सुरू होईल. बाबांनी त्याआधी रक्तदाबाची गोळी घ्यावी, आईने गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय ओट्याशी उभे राहू नये, आणि सामना संपल्यावर त्याच्याशी बोलताना निकाल काहीही लागला तरी परवाच्या चेंडूचा विषय काढू नये.

तुमची,
बेबी