रिकाम्या फेऱ्यांना आधीच आवर घाला

चालकाविना धावणाऱ्या स्वयंचलित मोटारींची चर्चा 'लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतील का' या प्रश्नापाशीच अडते. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टेम्पी शहरात चाचणीवरील अशा गाडीच्या धडकेत सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी गेला. तेव्हा भीती निराधार नाहीच. पण मला जास्त काळजी वाटते ती लोकांनी या गाड्या आनंदाने स्वीकारल्या तर काय होईल याची. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १३ जणांना आठवडाभर फुकट चालक देऊन पाहिला. म्हणजे गाडी आपोआप चालल्यासारखीच. त्यांच्या गाड्यांनी कापलेले अंतर तब्बल ८३ टक्क्यांनी वाढले! त्यात मालक आत नसताना मारलेल्या फेऱ्याही होत्या. अशी गाडी विजेवर चालणारी असली, तरी त्यामुळे ती रस्त्यावर कमी जागा अडवत नाही. पार्किंगचे पैसे वाचवायला ती रिकामीच घिरट्या घालू लागली, तर शेकडो प्रवाशांच्या बसही त्याच कोंडीत अडकणार. म्हणून परवानगी देतानाच रिकाम्या फेऱ्यांवर कर लावावा, एकत्र प्रवासाला सवलत द्यावी आणि बसची मार्गिका राखून ठेवावी. घरोघरी गाड्या आल्यावर असा नियम करायला कोणी धजावणार नाही.

– एक वाचक