एकाच पेटीतल्या दोन सिगार

पुणे,
१४ सप्टेंबर

प्रिय माधव यास,
सप्रेम नमस्कार.

जुलैमध्ये तू पाठवलेल्या दोन सिगारपैकी दुसरी मी काल संध्याकाळी ओढली आणि आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देता येईल असे वाटते. माद्रिदहून आणलेल्या पेटीतली पहिलीच सिगार कडूजहर लागली, सारखी विझत राहिली, म्हणून माल बनावट तर नसेल ना, अशी शंका तू पत्रात लिहिली होतीस. माझ्या मते माल अस्सल आहे. त्याला बाधली ती दादरच्या समुद्रावरची पावसाळी हवा.

मी असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो. तुझ्या पेटीतली, म्हणजे पार्तागास या क्यूबातल्या छापाची सेरी डी क्रमांक ४ ही १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंगची सिगार आहे, म्हणजे एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५० भाग जाड, साधारण २० मिलिमीटर. तुझ्याकडून आलेली पहिली सिगार मी मोजली तेव्हा ती २१ च्या जवळ भरली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत गेलो, तर चांगली सिगार जशी थोडी दबून पुन्हा वर येते तशी ती येत नव्हती. ओल्या दोरासारखी घट्ट लागत होती. मात्र बांधणीत मला कोठेही खोट दिसली नाही. वरचे पान तलम, शिरा बारीक, पानाचा वेढा एकसारखा तिरका, आणि तोंडाकडची टोपी इतकी नेटकी की तिचा जोड बोटाला लागत नव्हता. हे वरचे पान क्यूबात पातळ कापडाच्या मांडवाखाली, सावलीत वाढवतात, म्हणून ते इतके पातळ आणि लवचिक राहते. पोटातली पाने मात्र उघड्या उन्हातली असतात.

तुला माहीत आहे, माझे बालपण निपाणीत वडिलांच्या वखारीत गेले. तिथला तंबाखू विडीचा. पान कुस्करून त्याचा चुरा होतो आणि तो टेंभुर्णीच्या पानात गुंडाळला जातो. सिगारच्या पोटात मात्र सबंध लांबीची पाने असतात आणि सगळे कसब ती कशी दुमडली यात असते. कारागीर प्रत्येक पानाला घडी घालतो, त्या घड्यांमधून हवेला वाट राहते आणि त्या वाटेनेच धूर तोंडाशी येतो. रोपाच्या शेंड्याकडचे जाड, तेलकट, जहाल पान सावकाश जळते, म्हणून ते बरोबर मधोमध ठेवतात. बुडाकडचे पान सौम्य असते, पण विस्तव धरून ठेवते. रोपाच्या मध्यावरच्या पानांचा सुवास. पाने दमट झाली की फुगतात आणि हवेच्या वाटा बुजतात. मग आपण जोर लावून ओढतो, जोर लावला की विस्तव तापतो, ओलाव्याची वाफ होऊन डांबरी अर्क तोंडाकडे जमतो, आणि आपण म्हणतो की तंबाखूच कडू आहे.

पहिल्या सिगारचे अगदी असेच झाले. टोपीचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग कापला आणि न पेटवता झुरका घेऊन पाहिला, तर गाल आत ओढले गेले. पेटवल्यावर एक बाजू पुढे धावली, दुसरी काळी पडून तशीच राहिली, आणि अर्ध्या तासात मला ती चार वेळा पुन्हा पेटवावी लागली. राख फुलासारखी सुटी होऊन अंगरख्यावर पडत होती. चवीविषयी त्या दिवशी मी वहीत एक शब्दही लिहिला नाही, कारण नीट न जळणाऱ्या सिगारच्या चवीवर मत देणे हा ती वळणाऱ्या हातांवर आणि पान पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी सिगार मी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ६५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पुडीसोबत पाच आठवडे ठेवली. काल बाहेर काढली तेव्हा बोटाखाली ती जिवंत वाटली. न पेटवता घेतलेल्या झुरक्याला वाळल्या गवताची आणि सागाच्या ताज्या भुशाची चव होती. देवदाराच्या पातळ चिपेने तिचे पेटवायचे टोक लांबूनच, फिरवत फिरवत शेकले आणि मगच पहिला झुरका घेतला. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. जळण्याची रेघ शेवटपर्यंत जवळजवळ सरळ राहिली. करड्या पांढऱ्या राखेचा कांडा अडीच सेंटिमीटर होईपर्यंत सुटला नाही, आणि सुटला तेव्हा रक्षापात्रात सबंध पडला.

आरंभी काळ्या मिरीचा झणका होता. थोडा धूर नाकावाटे सोडला तेव्हा तो डोळ्यांपर्यंत गेला. दहाएक मिनिटांनी तो निवला आणि जे वर आले ते मी विसरणार नाही. आपल्याकडे गुऱ्हाळात काकवी काढताना काहिलीच्या कडेला जी थोडी करपते, त्या करपलेल्या काकवीची खरपूस गोडी, आणि तिच्यामागे नव्या कातड्याचा, भाजलेल्या कॉफीचा वास. ही गोडी अर्ध्या सिगारपर्यंत टिकली. शेवटच्या भागात मधले जहाल पान बोलू लागले, चव गडद आणि मातकट झाली, थोडी जडही. तो भाग मला मधल्याइतका आवडला नाही आणि दोन बोटे उरली असताना मी ती ठेवून दिली. एकंदर पंचावन्न मिनिटे लागली. हा धूर छातीत घ्यायचा नसतो, तरी तोंडाला आणि घशाला त्याचा अपाय आहेच, म्हणून महिन्याला एकीच्या पुढे मी जात नाही, तूही जाऊ नकोस.

पंचवीसच्या पेटीत आता तुझ्याकडे बावीस उरल्या असतील. पेटी कपाटातून काढून हवाबंद डब्यात ठेव, तशाच दोन पुड्या टाक, आणि डबा घरातल्या गार खोलीत असू दे. उष्म्याने पानातल्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोके पडतात. फार सुकवूही नकोस, कोरडी सिगार भराभर आणि गरम जळते. मी दिवाळीनंतर मुंबईस येतो आहे. तोवर पेटीला हात लावू नकोस, आपण दोघे मिळून पुढची काढू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत