वय वाढवा, पण टप्प्याटप्प्याने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैमानिकांचे निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ करावे की नाही, यावर बोलणारे बहुतेक जण हृदयविकार आणि मंदावणाऱ्या प्रतिक्रियांपाशीच थांबतात. ती काळजी रास्त आहे, पण तिच्यासाठी निदान व्यवस्था तरी आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल असते, सिम्युलेटरवरची परीक्षा असते आणि नापास झाले की उड्डाण बंद. या निर्णयाची किंमत उजव्या खुर्चीत बसलेला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, मोजतो, त्याच्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

बऱ्याच मोठ्या विमान कंपन्यांत सगळे सेवाज्येष्ठतेवर चालते. रुजू झाल्याच्या तारखेवरून क्रमांक लागतो. कॅप्टन कधी होणार, मोठे विमान कधी मिळणार, कुठल्या तळावर राहायचे, सणाला घरी असणार की हवेत, हे सारे तोच क्रमांक ठरवतो. हात कितीही कसलेला असो, वरचा उठल्याशिवाय खालचा सरकत नाही. कंटाळून दुसऱ्या कंपनीत जावे, तर तिथे पुन्हा यादीच्या तळापासून सुरुवात.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. तिथे १३ डिसेंबर २००७ रोजी कायद्यावर सही झाली आणि साठची मर्यादा त्याच दिवशी पासष्ट झाली. आदल्या आठवड्यात साठी पूर्ण केलेला कॅप्टन घरी गेला होता. त्याला परत यायचे तर नवख्याचा क्रमांक घेऊन. आठवडाभराने लहान असलेल्या त्याच्या सहकाऱ्याला पाच वर्षे जास्त मिळाली. वयोमानाने होणाऱ्या निवृत्त्या जवळपास थांबल्या, त्यातच २००८ ची मंदी आली, आणि कपातीत पहिला नंबर शेवटी आलेल्याचाच असतो.

ज्येष्ठांना हावरट म्हणणेही बरोबर नाही. युनायटेड या तिथल्या मोठ्या विमान कंपनीची पेन्शन योजना २००५ मध्ये दिवाळखोरीच्या काळात बंद झाली, इतर काही कंपन्यांतही तसेच झाले. साठाव्या वर्षी हाती काय राहणार, हे पाहिलेल्या माणसाला आणखी पाच वर्षे हवी वाटली तर नवल नाही.

‘आज थांबलात तर शेवटी तुम्हालाही ती वर्षे मिळतीलच’ हे उत्तर मला पटत नाही. मेडिकल टिकले तरच ती मिळणार. चाळिशीत न मिळालेला कॅप्टनचा पगार आणि त्यावरची बचत सहासष्टाव्या वर्षी भरून निघत नाही.

शिवाय आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांसाठी इकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) मर्यादा ६५ आहे. एखाद्या देशाने एकट्यानेच ६७ केले, तर पासष्टी ओलांडलेल्या कॅप्टनला परदेशी मार्ग सोडून देशांतर्गत, बहुधा लहान विमानावर यावे लागेल. त्याचे नव्याने प्रशिक्षण होणार आणि तिथला कॅप्टन खाली ढकलला जाणार. त्याच्याखालचा आणखी खाली.

म्हणून माझी सूचना अशी: वय वाढवायचेच असेल, तर इकाओचा नियम बदलल्यावरच आणि दर वर्षी फक्त सहा-सहा महिने वाढवावे. म्हणजे कोणत्याही वर्षी निवृत्त्या पूर्ण थांबणार नाहीत आणि एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे कुणाचे नशीब फिरणार नाही. ज्यांना पासष्टीनंतरही शिकवायची हौस आहे, त्यांना सिम्युलेटर प्रशिक्षक म्हणून पूर्ण पगारावर घ्यावे. त्या कामाला सेवाज्येष्ठतेतली कुणाची खुर्ची अडवावी लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक