‘नवीन काय आलंय?’ याचे उत्तर कपाटानेच द्यावे

महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयात नवी पुस्तके मिळत नाहीत, ही तक्रार वाचकांच्या पत्रांतून वरचेवर दिसते. अनुदान अपुरे पडते हे खरेच आहे. पण पुष्कळदा पुस्तक आलेले असते आणि वाचकाला सापडत नाही, हेही तितकेच खरे. कपाटे विषयवार किंवा लेखकाच्या आद्याक्षराने लावलेली असतात. काल आलेली कादंबरी तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकांना खेटून उभी असते आणि नाव आधीच ठाऊक असेल त्यालाच ती सापडते. बाकीचे देवघेवीच्या खिडकीशी जाऊन विचारतात, ‘नवीन काय आलंय?’ मग कर्मचारी टेबलावर हाताशी असतील ती दोन-तीन पुस्तके पुढे सरकवतो. तीच दोन-तीन पुस्तके गावभर फिरतात.

या प्रश्नाचे तीन अर्थ होतात: नुकतेच प्रकाशित झालेले, ग्रंथालयात नुकतेच दाखल झालेले आणि आज कोणीतरी परत आणून दिलेले. तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाच ‘नवीन पुस्तके’ पाटीखाली तिन्ही कोंबली की गोंधळ होतो.

संगणक नसलेल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासकीय वर्गवारीत सर्वात खालच्या ग्रंथालयातही दुसऱ्या अर्थाची यादी आयती असते. प्रत्येक पुस्तकाला आल्यावर रजिस्टरमध्ये मिळणारा दाखल क्रमांक ओळीने वाढत जातो, त्यामुळे दाखल रजिस्टरची शेवटची दोन पाने म्हणजेच ताज्या पुस्तकांची यादी. त्यातले दाखल क्रमांक, लेखक आणि शीर्षक एवढेच तीन रकाने दर पंधरवड्याला कागदावर उतरवून दाराशी लावावेत. पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह टाळावा, कारण पुरवठादार आणि बिलाचे तपशीलही त्यासोबत जातात. शिवाय भेटीदाखल आलेली जुनी पुस्तकेही याच ओळीत चढतात. कोणी आजोबांचा संग्रह दिला की साठ वर्षांपूर्वीची पुस्तके सर्वात ‘नवी’ ठरतात. भेटीच्या नोंदींपुढे ‘भेट’ असा शेरा असेल, तर यादी उतरवताना त्या गाळता येतात.

दुसरी अडचण मार्चअखेरची. अनुदानाचा हप्ता हाती पडला की खरेदी एकदम होते. बिल मंजूर करायचे तर पुस्तके आधी दाखल झालेली हवीत, म्हणून तीनशे-चारशे पुस्तके दोन दिवसांत रजिस्टरवर चढतात. हिशेबाला ते योग्यच. वाचकाला मात्र चारशे नावांची यादी म्हणजे यादी नसल्यासारखीच. दाखल एकदम करावे, पण मांडावे टप्प्याटप्प्याने, आठवड्याला तीस-चाळीस. न मांडलेली पुस्तके तोवर कुलपात राहू नयेत; कोणी नाव घेऊन मागितले तर लगेच द्यावीत.

मांडणीचे गणित साधे आहे. तीन फुटी फळीवर पुस्तके कणा बाहेर करून उभी केली तर तीस-पस्तीस मावतात. मुखपृष्ठ समोर ठेवून मांडली तर डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची जेमतेम सहा. तरीही नव्यांसाठी निदान दोन फळ्या मुखपृष्ठाच्या ठेवाव्यात, खालच्या फळीवर बाकीची उभी. पुस्तक तिथून हलवायचे कधी हे लक्षात ठेवण्यासाठी कण्यावर रंगीत पट्टी लावावी, दर तिमाहीला एक रंग. नवी तिमाही लागली की मागच्या रंगाची सगळी पुस्तके मूळ कपाटात न्यावीत. पट्टी प्लास्टिकच्या कव्हरावर चिकटवावी; थेट मुखपृष्ठावर लावली तर काढताना छपाई उचलून येते. नवे पुस्तक घरी नेण्याची मुदत पंधराऐवजी सात दिवस केली तर एका तिमाहीत ते दुपटीने हातांतून जाते.

आता संगणकाकडे. अनेक ग्रंथालये ‘कोहा’ वापरतात. ग्रंथालयाचे काम संगणकावर चालवणारी, २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली ही मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारी प्रणाली. नाव माओरी भाषेतले, अर्थ ‘भेट’. तिच्या वाचक-सूचीत, म्हणजे वाचकांना शोधासाठी खुल्या असलेल्या यादीत, काहीही शोधले की निकाल मूळच्या मांडणीप्रमाणे ‘समर्पकते’नुसार लागतात. क्रमाच्या यादीत ‘दाखल दिनांक, नवे ते जुने’ असा पर्याय असतो, पण तो उघडून पाहण्याइतका वेळ कोण काढणार? व्यवस्थापकाने सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे प्रणालीच्या मूळ पर्यायांच्या पानावर, जाऊन क्रमाचा मूळ पर्याय दाखल दिनांकावर आणि दिशा उतरत्या क्रमावर ठेवली की काम झाले. ते नको असेल तर एकदा हवा तसा शोध घ्यावा, क्रम बदलावा, वरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा उचलावा आणि सूचीच्या पहिल्या पानावर ‘नवीन दाखल’ या नावाने दुवा द्यावा. क्रम त्या पत्त्यातच असतो, त्यामुळे वाचकाला एका टिचकीत ताजी यादी दिसते. बालविभाग, कविता, स्पर्धा परीक्षा असे वेगवेगळे दुवे दिले तर आणखी बरे.

हे करूनही यादी चुकीची दिसली, तर दोष बहुधा नोंदीत असतो. जुना संग्रह संगणकावर चढवताना दाखल दिनांकाचा रकाना (नोंदीतल्या रकान्यांना क्रमांक असतात; हा ९५२ मधला ‘डी’) कोरा सोडला की प्रणाली तिथे त्या दिवसाची तारीख घालते. मग १९७२ साली घेतलेली पुस्तके आज आल्यासारखी सर्वात वर बसतात. आधी रजिस्टरवरून तारखा भराव्यात, मगच दुवा द्यावा. पहिल्या अर्थाचे, म्हणजे प्रकाशन वर्षाचे, दुखणे वेगळे. वाचकाला दिसणारे वर्ष २६० किंवा २६४ क्रमांकाच्या रकान्यात असते, पण क्रम लावताना ००८ या रकान्यातले, ७ ते १० या स्थानांवरचे चार अंक पाहिले जातात. ते भरलेच नाहीत, किंवा देवनागरी अंकांत भरले, तर क्रम बिघडतो. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असते, त्यात ७८ मिळवायचे राहून गेले तर शके १८९० चे पुस्तक १९६८ ऐवजी १८९० मध्ये जाऊन बसते.

‘नवीन’ हे स्थान दिलेली पुस्तके ठरावीक दिवसांनी आपोआप मूळ स्थानी नेण्याचीही सोय कोहात आहे. वय ४५ किंवा ९० दिवस, अट ‘स्थान नवीन’, बदल ‘मूळ दालन’, असा नियम लिहायचा. प्रत्येक दालनासाठी स्वतंत्र. पण नियम लिहिला म्हणजे तो चालतो असे नाही. सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत तो नोंदवावा लागतो, आणि त्या कामाच्या आज्ञेच्या ओळीत ‘कन्फर्म’ हा शब्द नसेल तर फक्त चाचणी होते, बदल काहीच होत नाही. पडद्यावर दोन-दोन वर्षे ‘नवीन’ म्हणून मिरवणारी पुस्तके दिसली की आधी ही ओळ तपासावी.

नियतकालिकांची व्यवस्था त्यामानाने बरी असते: झुकत्या झडपेवर ताजा अंक, मागच्या कप्प्यात जुने. दिवाळी अंक मात्र नव्या पुस्तकांत मिसळू नयेत, नाहीतर नोव्हेंबर ते जानेवारी दुसरे काही दिसतच नाही.

राहिला तिसरा अर्थ, परत आलेली पुस्तके. ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली यादी नाही. शेजाऱ्याने वाचून परत केले, एवढी शिफारस पुष्कळांना पुरते. शिवाय ती रोज बदलते आणि तयार करायला कष्ट शून्य. कोहात परतीच्या वेळी पुस्तकाचे स्थान तात्पुरते ‘ट्रॉली’ दाखवता येते आणि ठरावीक तासांनी ते मूळ जागी जाते. यालाही रात्रीच्या कामांत वेगळी ओळ लागते. प्रत्यक्षातली ट्रॉली खिडकीच्या आत न ठेवता वाचकाच्या बाजूला ठेवावी आणि पुस्तके कपाटात लावण्याचे काम सकाळी उघडताच न करता संध्याकाळच्या गर्दीनंतर करावे. ट्रॉलीवर ‘आज परत आलेली’ अशी ठसठशीत पाटी हवी. पाटी नसेल तर सभासद तिला ‘लावायची राहिलेली पुस्तके’ समजतात आणि हात लावायला कचरतात.

— एक ग्रंथालय कर्मचारी, सातारा जिल्हा