बाबा, मासे चिमूटभर खाण्यानं गेले नाहीत

सांगली, विश्रामबाग

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा दोन वाक्यांत आवरतात आणि तुझ्याकडे देतात, आई. म्हणून पत्रच लिहितेय. आम्ही तारकर्लीला होतो तेव्हा तुम्ही इथे राहून आमची समुद्री माशांची टाकी सांभाळलीत. मग तुम्ही साताऱ्याला गेलात आणि बाबांची वही टाकीशेजारी राहिली. शेवटची ओळ वाचली: 'काल संध्याकाळी खाणं चिमूटभर जास्त पडलं. तीन मासे गेले. चूक माझी.'

बाबा, चूक तुमची नाही. तुमच्याच वहीत ते लिहिलंय, त्याच पानावर, वर: 'रात्री ११.१० वीज गेली. इन्व्हर्टर सुरू.' जन्मभर पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पातळ्या लिहिल्यात, तुम्हाला वेळ टिपल्याशिवाय चैन पडत नाही. त्या रात्री वळीव कोसळला होता. इन्व्हर्टरवर घरातले पंखे चालू राहिले, तुम्ही दोघं झोपलात. पण टाकीचा बोर्ड इन्व्हर्टरवर नाही. पंप, पाणी ढवळणारा वेव्हमेकर, फेसावाटे घाण काढणारा स्किमर, पाणी गार ठेवणारा छोटा पंखा, सगळं एकदम थांबलं.

आम्ही तारकर्लीहून आलो तेव्हा सकाळी दहाला लागणारे टाकीचे दिवे दुपारी चारला लागले. त्यांचा टायमर तबकडीचा आहे, वीज गेली की तोही थांबतो. सहा तास मागे पडलेला. ११.१० पासून सहा तास मोजा, बाबा. तुमच्या वहीत पुढची नोंद '५.१० वीज आली' अशीच आहे.

समुद्राच्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी मावतो, साधारण पाचवा हिस्सा कमी. पाणी तापलं की आणखी कमी, आणि हा तर सांगलीचा मे महिना. वरचं पाणी सतत हललं तरच हवेतला प्राणवायू आत जातो. दिवसा प्रवाळांच्या अंगातलं शेवाळ थोडा प्राणवायू बनवतं, पण रात्री तेही घ्यायलाच लागतं, दगडांमधले जीवाणूही घेतात. पहाटेपर्यंत पाण्यात तो फारच थोडा उरतो. अशा वेळी अंगानं मोठे आणि सतत पोहणारे मासे आधी जातात. पिवळा टँग गेला, डॅमसेल गेला, मोठी क्लाउनफिश गेली. शंखातले खेकडे मात्र तसेच फिरत होते.

जास्तीचं खाणं कुजलं की अमोनिया होतो, हे खरं. मीच तुम्हाला बजावलं होतं, म्हणून तुमच्या मनानं तेच धरलं. पण अडीचशे लिटर पाण्यात एक चिमूट म्हणजे काय? आल्या आल्या मी अमोनिया तपासला. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया नाही. मेलेले मासे तुम्ही लगेच बाहेर काढले नसते तर ते पाणी हिरवं झालं असतं.

आणि जे तुम्ही वहीत लिहिलंच नाही, ते आईकडून कळलं. साडेचारला उठल्यावर तुम्हाला मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसले. तुम्ही तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून वरून धार सोडत राहिलात, वीज येईपर्यंत, चाळीस मिनिटं. आई टॉर्च धरून उभी होती. बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण करायचं नेमकं तेच असतं. धाकटा क्लाउनफिश त्या धारेनं वाचला. तो नर आहे. क्लाउनफिशमध्ये मादी गेली की तिचा जोडीदार नर हळूहळू मादी होतो. आता एक लहान पिल्लू आणून त्याच्या सोबतीला सोडणार आहे.

चूक झाली ती माझी. दोन पानं सूचना लिहिल्या, किती खाणं, आरओचं पाणी कुठल्या खुणेपर्यंत, सगळं. वीज गेली तर काय करायचं, ही एक ओळ नव्हती. मे महिन्यात, वळवाच्या दिवसांत, ती पहिली ओळ असायला हवी होती. तीन जीव त्यामुळे गेले. टँग पाच वर्षं आपल्याकडे होता, काचेपाशी हात नेला की यायचा. त्याची आठवण सारखी येते.

आता वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतलाय. वीज जाताच आपोआप सुरू होणारा सेलवरचा हवेचा पंपही आणलाय.

दिवाळीनंतर आम्हाला पुन्हा चार दिवस बाहेर जायचंय. टाकी मी दुसऱ्या कुणावर सोपवणार नाही. बाबा, तुम्ही या. वही इथेच ठेवलीय. ती शेवटची ओळ मी खोडलेली नाही, ती तुम्हीच खोडायची. आणि रविवारी फोन केला की लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
ताई